‘हे मी सोडून देतो’ : जुनी फ्रेंच पाकपुस्तकं आणि घरचा स्वयंपाक

जुनीपानं

नमस्कार मंडळी. फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात, दिजाँजवळच्या एका गावात शरदात जुना बाजार भरतो. लोक माळ्यावरचं सामान रस्त्यावर मांडून बसतात. तिथे मला दोन युरोला एक पाकपुस्तक मिळालं. बांधणी सुटलेली, शेवटची पानं गेलेली. लुई-उस्ताश ओदोचं ‘ला क्युझिनिएर द ला काँपान्य ए द ला व्हील’, म्हणजे खेड्यातली आणि शहरातली स्वयंपाकीण. पहिली आवृत्ती १८१८ ची, माझी प्रत बरीच नंतरची. एकोणिसावं शतक संपेपर्यंत हे पुस्तक सतत छापलं जात होतं.

त्यात कोंबडीच्या एका कृतीत ‘ट्रफल’ (जमिनीखाली उगवणारी महागडी अळंबी) या शब्दावर पेन्सिलीने आडवी रेघ मारलेली आहे. बाकी कृती तशीच ठेवलीय. पानाच्या कोपऱ्यात लोण्याचा डाग इतका मुरलाय की मागच्या पानावरची अक्षरं आरपार दिसतात. म्हणजे पदार्थ केला गेलाय, आणि एकदाच नाही. ट्रफल मात्र परवडलं नाही, किंवा नको वाटलं.

त्या रेघेने माझा चार महिन्यांचा रात्रीचा वेळ घेतला. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘गॅलिका’ नावाचा डिजिटल संग्रह आहे, तिथे मी एकेक पुस्तक मागे मागे वाचत गेले. जुन्या छपाईतला लांब एस हुबेहूब एफसारखा दिसतो, त्यामुळे पहिला आठवडा ‘सॉस’ हा शब्दसुद्धा अडखळत वाचला. मला शोधायचं होतं की दरबारी कृतीवर अशी रेघ सगळ्यात आधी कुणी मारली.

मला ती सापडली १३९३ च्या सुमारास. पुस्तकाचं नाव ‘ल मेनाजिए द पारी’, म्हणजे पॅरिसचा गृहस्थ. लिहिणारा वयस्कर, खाऊनपिऊन सुखी माणूस. नाव कुठेच दिलेलं नाही. बायको १५ वर्षांची. ती त्याला विनवते की माझं चुकलं तर चारचौघांत बोलू नका, रात्री आपल्या खोलीत सांगा. मग हा तिच्यासाठी पुस्तकच लिहायला घेतो. प्रार्थना, नवऱ्याशी वागणं, बागेत कधी काय पेरायचं, नोकर कसे निवडायचे आणि मग स्वयंपाक. शिकवण्याचं एक कारणही तो मोकळेपणाने सांगतो. मी आधी जाणार, तू पुन्हा लग्न करशील, तेव्हा दुसऱ्या नवऱ्याच्या घरी कुणी तुला अडाणी म्हणू नये. हे वाचून मी खूप वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते.

पाककृतींसाठी त्याच्यासमोर ‘व्हियाँदिए’ आहे. राजा पाचव्या चार्ल्सचा स्वयंपाकी तायव्हाँ याच्या नावावर चालत आलेला राजवाड्याचा संग्रह. आपला गृहस्थ त्यातलं भरपूर उतरवून घेतो, पण डोळे मिटून नाही. सारण भरलेल्या, वरून रंग चढवलेल्या कोंबडीपाशी येतो आणि लिहितो की यात फार काम आहे, हे बूर्ज्वाच्या (शहरातल्या सुखवस्तू गृहस्थाच्या) स्वयंपाक्याचं काम नव्हे, साध्या सरदाराच्याही नव्हे, म्हणून हे मी सोडून देतो.

हीच ती रेघ! मला वाटतं, घरच्या स्वयंपाकाचं पुस्तक या वाक्यापाशी सुरू होतं. राजवाड्याच्या पुस्तकात ‘सोडून दे’ असं वाक्य येऊच शकत नाही. तिथे माणसं आहेत, लाकूड आहे, मसाला आहे. घरात मात्र कुणीतरी हिशोब करतं. याच माणसाने जळलेल्या सारासाठी आणि जास्त मीठ पडलेल्या सारासाठीही उपाय लिहून ठेवलेत. राजाच्या स्वयंपाक्याचं सार करपत नसेल असं नाही, पण तो ते लिहिणार नाही.

दुर्दैव असं की हे पुस्तक थोड्या हस्तलिखितांपलीकडे गेलंच नाही. ते छापलं जेरोम पिशोंने, थेट १८४६ मध्ये. छापखाना आला तेव्हा छापला गेला तो ‘व्हियाँदिए’च, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत छापला जात राहिला. तोवर त्यातलं जेवण दोन-तीनशे वर्षांचं झालं होतं.

मग १६५१. ‘ल क्युझिनिए फ्राँस्वा’, म्हणजे फ्रेंच स्वयंपाकी. लेखक ला व्हारेन, आमच्याच बरगंडीतला. शालों-स्युर-सोनचा गव्हर्नर मार्की द्युक्सेल या उमरावाकडे दहा वर्षं चाकरीला होता. पहिलीच कृती आहे ती ‘बुइयों’ची, म्हणजे पुढच्या सगळ्या पदार्थांना लागणाऱ्या मांसाच्या पाण्याची. एकदा ते करून ठेवा, पुढे त्यातूनच घ्या. चरबीत पीठ परतून तयार ठेवायचं दाटवणही त्यात आहे, गाळून, गरम राखेवर ठेवलेल्या भांड्यात. पावाचा चुरा घालून सॉस घट्ट करायची जुनी रीत इथे मागे पडायला लागते. मसालेही खूप कमी होतात, लोणी वाढतं.

तीन वर्षांनी निकोला द बोनफों आणखी स्पष्ट सांगतो. कोबीच्या सुपाला पूर्ण कोबीचीच चव यावी, लीकच्या सुपाला लीकची, सलगमाच्या सुपाला सलगमाची. १६५४ साली हे लिहिणं मोठं धाडस होतं. कोबी ही गरिबाघरची भाजी, आणि तिला तिच्याच चवीने पानात यायचा हक्क हा माणूस देतोय.

१६९१ मध्ये मासियालोच्या पुस्तकावर ‘शाही आणि बूर्ज्वा स्वयंपाकी’ असं नाव येतं. नावापुरतंच. आत मोठमोठ्या राजघराण्यांतल्या मेजवान्यांचे बेत आहेत. तरी मुखपृष्ठावर तो शब्द टाकला की पुस्तक खपतं हे छापणाऱ्याला कळलं होतं, आणि मला ती गोष्ट महत्त्वाची वाटते.

शेवटी १७४६ चं, मनों याचं ‘ला क्युझिनिएर बूर्ज्वाझ’, म्हणजे बूर्ज्वा घरची स्वयंपाकीण. फ्रेंच पाकपुस्तकाच्या नावात बाई आली ती इथे. सुरुवात होते कुठल्या ऋतूत बाजारात काय मिळतं यापासून. मग बैल, मेंढी, वासरू, डुक्कर. प्रत्येक प्राण्याचा कुठला भाग कशासाठी हे समजावून सांगितलंय. जीभ, शेपूट, पाय, कान, काही वाया जात नाही. लेखक बाजारात आपल्या बाजूला उभं राहून खाटकाशी काय बोलायचं ते सांगतोय असं वाटतं. प्रस्तावनेत म्हटलंय की हे आता सरदारांसाठी लिहिलेलं नाही, बूर्ज्वांसाठी आहे. दरबाराकडे पाठ मात्र त्याने फिरवली नव्हती. नऊ वर्षांनी त्यानेच चार खंडांत ‘दरबारची रात्रीची जेवणं’ लिहिलं. पण फ्रेंच क्रांतीच्याही पुढे, एकोणिसाव्या शतकात, पुन्हा पुन्हा छापली गेली ती स्वयंपाकीण.

---

कोरा_कागद

लेख मनापासून आवडला, वाचनखूण साठवली. एक शंका आहे. ‘बूर्ज्वा’ला मध्यमवर्गीय म्हणावं का? आपल्याकडे मध्यमवर्गीय म्हटलं की दोन खोल्या, महिनाअखेर आणि स्वतः ओट्याशी उभी असलेली आई डोळ्यांसमोर येते.

जुनीपानं

@कोरा_कागद, शंका रास्त आहे, आणि मी ती लेखातच घ्यायला हवी होती. त्या काळचा शहरी बूर्ज्वा म्हणजे वकील, नोटरी, व्यापारी, लहानमोठा अधिकारी. घरात किमान एक कामाची बाई असणारच. ‘मेनाजिए’तल्या १५ वर्षांच्या मुलीच्या हाताखाली तर घर बघणारी दाम आन्येस आहे आणि खर्च-खरेदी बघणारा मेत्र जाँ आहे. मुलीने स्वतः मांस चिरावं अशी नवऱ्याची अपेक्षा नाही. काय सांगायचं, कसं तपासायचं, हे तिला यायला हवं.

मनोंची ‘क्युझिनिएर’सुद्धा घरची मालकीण नव्हे, ती पगारी स्वयंपाकीण आहे. सरदाराकडे पुरुष स्वयंपाकी आणि त्याच्या हाताखाली फौज. वकिलाकडे एकटी बाई, तीही कमी पगारावर. तीच बाजार करणार, तीच चूल पेटवणार, कित्येक घरांत तीच लादी पुसणार. म्हणून मनोंच्या कृतींमधून माणसांची आणि भांड्यांची संख्या घटते. ते सोपेपण तिच्या दोन हातांच्या मापाचं आहे.

नदीकाठ

मला इथे थोडं कडवट बोलायचंय. नावात बाई आहे, लिहिणारा पुरुष आहे. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास, १७४७ ला, हॅना ग्लास या बाईने स्वतः पुस्तक लिहिलं आणि घरच्या मोलकरणींना समजेल अशा भाषेत लिहिते असं बजावून सांगितलं. फ्रेंच स्वयंपाक्यांवर ती चांगलीच घसरते. १२ अंडी तळायला ६ पौंड लोणी वापरणाऱ्या एका स्वयंपाक्याचं ऐकून माहीत आहे म्हणते, आणि ज्याला स्वयंपाक कळतो त्याला ठाऊक आहे की अर्धा पौंड पुरे. याच पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीच्या ‘करी’ची कृती आहे, मिरी आणि धणे घालून.

फ्रान्समध्ये अशी बाई का लिहीत नाही? माझं मत असं की तिथे स्वयंपाकाची प्रतिष्ठा दरबारातून आली आणि दरबाराच्या मुदपाकखान्यात बाईला जागाच नव्हती. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या बूर्ज्वा घरं जेवली, त्यांचं एक नावसुद्धा आपल्याला माहीत नाही. तुमची ती पेन्सिलीची रेघ हीच त्यांची सही समजायची का?

जुनीपानं

नदीकाठ, तुझं म्हणणं मला पटतं. त्या बाईबद्दल फ्रेंचमध्ये उरलं काय, तर एक वाक्प्रचार : ‘टोपलीची मूठ नाचवणं’. म्हणजे बाजारहाट करताना मधले पैसे मारणं. तिच्यावर कायम संशय. हिशोबाची वही मालकिणीकडे असायची, आणि पाकपुस्तकात बाजारातली माहिती इतकी बारकाईने येते त्यामागे हेही एक कारण असावं. मालकिणीला दर कळले पाहिजेत ना.

पाटावरवंटा

मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे माझं लक्ष कायम चुलीकडे. सॉस-बिस हे सगळं झालं कशावर, ते कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो.

मध्ययुगातली चूल म्हणजे भिंतीतलं मोठं धुराडं, खाली जमिनीवर जाळ, वर साखळीला टांगलेला हंडा. त्यावर हंडाभर रस्सा शिजतो, सळईवर मांस भाजतं. लोणी आणि अंड्याचा बलक घालून नाजूक सॉस करायचा म्हटलं तर त्या जाळावर तो फुटणारच. सतराव्या-अठराव्या शतकात चांगल्या घरांमध्ये ‘पोताझे’ बांधायला लागले. कमरेइतक्या उंचीचं विटांचं बांधकाम, वर चौकोनी खड्डे, खड्ड्यात लोखंडी जाळी. मोठ्या चुलीतले निखारे फावडीने उचलून खड्ड्यात टाकायचे, राख जाळीतून खाली. प्रत्येक खड्ड्यावर एक पातेलं, हवी तेवढीच आच. शक्यतो खिडकीखाली बांधत, उजेड मिळावा आणि कोळशाचा धूर जावा म्हणून.

म्हणजे सरळ आपल्या भाषेत सांगायचं तर ओट्यात बसवलेल्या शेगड्या! आमच्या आजीने चूल सोडून ओटा घेतला तेव्हा ती म्हणायची, आता पातेल्यात काय चाललंय ते दिसतं. उभं राहून, पातेल्यात बघत ढवळता येणं, ही त्या सगळ्या फ्रेंच सॉसमागची मूळ गोष्ट आहे. धुराचा त्रास मात्र होताच. कारेमसारख्या थोर स्वयंपाक्याने लिहून ठेवलंय की कोळसा आम्हाला मारतो.

काळीमिरी

पाटावरवंटा यांच्या प्रतिसादाला +१. मी मसाल्यांबद्दल लिहितो, घरचा मिरीचा वेल आहे म्हणून जवळचा विषय.

जुन्या पुस्तकांतले मसाले बघितले तर आपण आपल्या आजीच्या बटव्यात हात घातला असं वाटेल. आलं, दालचिनी, लवंग, जायफळ, केशर, शिवाय पिंपळी आणि कुलिंजन. ‘कामलिन’ नावाचा सॉस तर दालचिनी, आलं आणि भिजवलेला पाव वाटून, कच्च्या द्राक्षाच्या आंबट रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवलेला. पुढे पिंपळी आणि कुलिंजन फ्रेंच स्वयंपाकघरातून जवळजवळ नाहीसे झाले.

एक गैरसमज मात्र कृपया कुणी पुढे ढकलू नका, की सडकं मांस लपवायला मसाले वापरत. मिरी-केशर परवडणाऱ्याला ताजं मांस सहज परवडत होतं, मांस तर मसाल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. मसाला होता श्रीमंती दाखवायला, आणि वैद्यकही सांगायचं की गार प्रकृतीच्या अन्नाला उष्ण मसाल्याची जोड द्या. आपल्या वात-पित्तासारखाच विचार. १४९८ ला वास्को द गामा कालिकतला पोचला, १५१० ला गोवा पोर्तुगीजांकडे गेलं, मिरी जहाजं भरभरून जायला लागली. जे सगळ्यांना मिळायला लागलं त्यात मोठेपण उरलं नाही, आणि वैद्यकाचे विचारही बदलत गेले. मग श्रीमंतांनी मोठेपण शोधलं ताज्या मटारात, शतावरीच्या कोंबात, लोण्यात. तुमच्या बोनफोंच्या कोबीमागे आमच्या किनाऱ्यावरची मिरी उभी आहे, असं मला वाटतं.

कोरा_कागद

काळीमिरी, हा दुवा ध्यानातच आला नव्हता. आणखी एक प्रश्न. बूर्ज्वा घरातली बाई वाचत असेल, पण पुस्तकं महागच असणार. मग एवढी खपली कशी?

सोलकढी

त्याचं उत्तर निळं कव्हर! त्र्वा या शहरातले छापखाने हलक्या कागदावर, निळसर कागदी कव्हरात स्वस्त पुस्तकं काढायचे आणि फेरीवाले ती पाठीवर घेऊन गावोगाव विकायचे. संतचरित्रं, पंचांगं, शूरांच्या कथा, आणि त्यांच्यातच ला व्हारेन. मार्कीच्या मुदपाकखान्यातली कृती फेरीवाल्याच्या झोळीत बसून खेड्यात पोचली. वाचता न येणाऱ्यांना कुणीतरी वाचून दाखवायचं.

ही पुस्तकं मांसाचे दिवस, बिनमांसाचे दिवस आणि लेंटचा (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा) उपास अशी विभागलेली असतात. वर्षातले कितीतरी दिवस मांस वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ती अनुक्रमणिका बघून लगेच कळतं की कुणासाठी लिहिलंय.

मोगरा

क्रांतीत काय झालं? राजाच गेला म्हटल्यावर ‘शाही’ पुस्तकांचं काय?

जुनीपानं

@मोगरा, १७९५ चं ‘ला क्युझिनिएर रेप्युब्लिकेन’ आहे, प्रजासत्ताकाची स्वयंपाकीण. मादाम मेरिगोचं म्हणून ओळखलं जातं. म्हणजे, नदीकाठ, इथे तुला हवी ती बाई भेटते. छोटंसं पुस्तक, आणि सगळं फक्त बटाट्याचं. पॅरिसमध्ये भाकरीची टंचाई होती. बटाटा म्हणजे जनावरांचं खाणं ही समजूत मोडायला पार्माँतिए हा औषधशास्त्री वीसेक वर्षं झटत होता, प्रशियात कैदेत असताना तो स्वतः बटाट्यावर जगला होता. या पुस्तकात ट्रफल नाही, बुइयोंसाठी मांसाचा डोंगर नाही. उकडा, सोला, लोणी असेल तर घाला.

आणि ‘शाही’ पुस्तकांनी नावं बदलली. व्हियारचं १८०६ चं ‘साम्राज्याचा स्वयंपाकी’ राजे परतल्यावर ‘शाही स्वयंपाकी’ झालं, पुढे ‘राष्ट्रीय स्वयंपाकी’ही झालं. मनोंच्या पुस्तकावर ही पाळी आली नाही, कारण बूर्ज्वा कुठल्याच राजवटीत घर सोडून गेला नाही. बराच काळ लोटल्यावर, १८९५ मध्ये, मार्त दिस्तेल या बाईने ‘क्युझिनिएर कॉर्दों ब्ल्यू’ नावाचं मासिक काढलं, त्यातूनच पुढच्या वर्षी स्वयंपाकाचे वर्ग सुरू झाले. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

आंबटगोड

धागा वाचता वाचता माझं वरण लागलं, खरंच. ताई, तो जळक्या वासाचा १३९३ चा उपाय सांगा ना. आणि ला व्हारेनमधलं घरी करून बघण्यासारखं काही असेल तर तेही. इथे पुण्यात अ‍ॅस्परॅगस मिळतो आता.

जुनीपानं

आंबटगोड, वरण हलवू नकोस, खाली लागलेलं खरवडू तर अजिबात नकोस. वरचं वरचं दुसऱ्या स्वच्छ पातेल्यात काढ. ‘मेनाजिए’त पुढचं असं आहे की थोडं आंबवलेलं पीठ पांढऱ्या फडक्यात बांधायचं, पातेल्यात सोडायचं आणि फार वेळ न ठेवता काढायचं. मी पावाच्या आंबवलेल्या पिठाची पुरचुंडी करून मसुराच्या सुपावर करून बघितलं. वास कमी झाला. माझ्या मते निम्म्याहून अधिक काम पातेलं बदलल्यानेच होतं, पण पुरचुंडीने नुकसान काही नाही. मात्र दोन-तीन मिनिटांत काढ, नाहीतर आंबूस चव उतरते.

अ‍ॅस्परॅगसचं ला व्हारेन सांगतो ते असं : जाड कोंब घ्यायचे, बुडखे खरवडायचे, धुवून मिठाच्या पाण्यात उकडायचे, फार शिजू द्यायचे नाहीत, निथळत ठेवायचे. सॉसला ताजं लोणी, थोडं व्हिनेगर, मीठ, जायफळ आणि दाटपणाला अंड्याचा बलक. फुटणार नाही इकडे लक्ष ठेवा असं तो बजावतो. मापं देत नाही, ती मी माझ्या अंदाजाने बसवलीत. चार माणसांना दोन बलक, एक मोठा चमचा व्हिनेगर, १०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी.

बलक आणि व्हिनेगर एका वाडग्यात घे, वाडगं गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेव. पाणी उकळतं नको, बोट क्षणभर बुडवता येईल इतपत. लोणी सुपारीएवढं घालायचं, ते पूर्ण विरलं की पुढचं, आणि ढवळणं थांबवायचं नाही. कडेला दाणेदार दिसायला लागलं तर वाडगं लगेच उचल आणि चमचाभर गार पाणी घालून फेट, सावरतं. मीठ चाखून घाल. जायफळ अगदी शेवटी, उतरवल्यावर, किसणीवर दोनदा घासलंस तरी पुरे.